बंदर आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख

बंदर म्हटले की धक्का, जहाजे आणि समुद्राचे पाणी डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु बंदराचा अर्धा जीव जमिनीवर असतो. ज्या मुलखाचा माल बंदराकडे येतो, त्याला भूगोलात पृष्ठप्रदेश म्हणतात. बंदराचे भाग्य पुष्कळदा तोच ठरवतो. आपल्या जवळचे मुरगाव हे याचे बोलके उदाहरण आहे.

झुआरीच्या मुखाशी निसर्गाने मुरगावला उत्तम आसरा दिला. पण मागे सह्याद्रीची भिंत उभी. घाटापलीकडचा धारवाड-हुबळीचा कापूस येथे उतरायचा, तर रेल्वे हवी होती. १८७८ साली पोर्तुगाल व ब्रिटन यांच्यात करार झाला. पुढच्या दशकात ब्रिटिश भांडवलावर मुरगावचा धक्का बांधला गेला आणि घाटातून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रेल्वे पोचली.

या सोयीची किंमत कोणी मोजली? करारान्वये गोव्यातील मिठाच्या धंद्यावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले. त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत; मिठागरांवर पोट असणाऱ्यांना मात्र झळ बसली. १८९२ मध्ये करार संपला.

एवढे करूनही अपेक्षेइतका माल आला नाही. पुणे-बेळगाव-लोंढा मार्ग तयार होताच घाटमाथ्यावरच्या मालाला मुंबईची वाट खुली झाली. तेथे गिरण्या, पेढ्या, दलाल आणि जहाजांच्या नियमित फेऱ्या आधीपासूनच होत्या. लोंढ्याला गाडी बदललेल्या बेळगावकर वाचकांनी ध्यानात घ्यावे, की त्या फाट्यावर एका बंदराचे नशीब ठरत होते.

मुरगावला खरी बरकत आली ती १९५० नंतर, लोहखनिजामुळे. मांडवी-झुआरीतून बार्ज भरून खनिज येई आणि जपानकडे रवाना होई. या वेळी पृष्ठप्रदेश गोव्यातच सापडला होता, पण माल मुख्यतः एकच होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा बंदराची निर्यात कोसळली. बार्जवरचे खलाशी आणि खनिज वाहणारे ट्रकवाले घरी बसले.

म्हणून नव्या बंदराची घोषणा ऐकली, की धक्क्याची लांबी विचारण्याआधी आपण तीन प्रश्न विचारावेत. माल कोठून येणार? तो किती प्रकारचा असेल? आणि त्या व्यापारातले किती, ज्यांच्या जमिनीवरून तो जातो त्यांच्या घरी राहणार? बंदराने केलेला विकास मोजायचा, तो या उत्तरांवरून.