गाडीत कोण आहे?

‘दहशत’ हा शब्द अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या दफ्तरांत आला, आणि दहशत बसवणे हे पुष्कळ काळ सरकारचेच काम मानले जात असे. त्यामुळे १७९३ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या कन्व्हेन्शन सभेत दहशत हेच राज्याचे चालू धोरण करावे अशी मागणी उघडपणे झाली, आणि पुढच्या वर्षभराच्या आत न्यायासनांच्या शिक्कामोर्तबाने सुमारे १७ हजार माणसांना देहान्त शासन घडले, यात शब्दाच्या अर्थाला बाध येण्यासारखे काही नव्हते. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या मामलेदारालाही तो अर्थ सहज कळला असता. सरकारच्या हातून हा शब्द निसटला आणि प्रजेतील मूठभर माणसांच्या हाती पडला, तो मुख्यतः रशियात, आणि त्या मूठभरांनी तो बिरुदासारखा मिरवला.

त्याची सुरुवात सूडापासून झाली. एका राजबंद्याला फटके मारविल्याबद्दल व्हेरा झासुलिच या तरुणीने १८७८ साली पीटर्सबर्गचा गव्हर्नर ट्रेपॉव्ह याच्यावर पिस्तूल झाडले, आणि ज्यूरीने तिला चक्क निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी ‘नरोद्नाया वोल्या’ म्हणजे ‘लोकेच्छा’ ही गुप्त संस्था उभी राहिली, आणि तिने झार दुसरा अलेक्झांडर याला मृत्युदंड फर्मावला. नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले होते. ज्या सुरुंगासाठी पूर्वी पलटणीचे बेलदार लागत, तो आता एका खोलीत, दोन माणसांच्या हातून तयार होऊ लागला. १८८० च्या फेब्रुवारीत खुद्द हिवाळी राजवाड्यात स्फोट झाला; झार जेवणाला उशिरा आल्यामुळे वाचला आणि खालच्या दालनातले पहाऱ्याचे ११ शिपाई मेले. अखेर १ मार्च १८८१ रोजी (ही तारीख जुन्या रशियन पंचांगाची) कालव्याकाठी पहिला बॉम्ब फुटला, त्यात एक कोसॅक आणि रस्त्याने चाललेला, खाटकाच्या दुकानातला एक पोरगा प्राणांतिक जखमी झाले. झार स्वतः गाडीतून सुखरूप उतरला, आणि जखमींची विचारपूस करीत असता दुसऱ्या बॉम्बने त्याचा आणि तो फेकणाऱ्याचाही अंत झाला. याच संस्थेने त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या हत्येचा जाहीर निषेध केला, कारण जेथे लोक आपले राज्यकर्ते स्वतः निवडतात तेथे अशा उपायाला जागा नाही, असे तिचे म्हणणे होते. या निषेधाला ढोंग म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. मला तसे करवत नाही.

या मनोवृत्तीचा परमोत्कर्ष म्हणून जो प्रसंग नेहमी सांगितला जातो, तो १९०५ च्या फेब्रुवारीतील मॉस्कोचा. ग्रँड ड्यूक सर्गेई याची गाडी नाट्यगृहाकडे निघालेली, कालियायेव्ह हा कटातला तरुण बॉम्ब घेऊन पुढे झालेला, हात उगारलेला. आणि एवढ्यात गाडीच्या आत ड्यूकची पत्नी व दोन लहान पुतणी त्याच्या दृष्टीस पडली, तसा त्याने हात खाली घेतला आणि परत जाऊन साथीदारांना विचारले की मी केले ते बरोबर का चूक. बरोबर, असा निर्णय झाला. दोन दिवसांनी क्रेमलिनच्या आवारात ड्यूक एकटाच असता त्याने बॉम्ब टाकला, पळून जाण्याचा आग्रह धरला नाही, आणि फाशी गेला. मुलांसाठी थांबलेल्या त्या हातावर नाटके झाली, प्रबंध झाले. पण ड्यूक ‘एकटाच’ होता असे आपण सहज लिहून जातो, आणि मीही आत्ताच लिहून गेलो, तेव्हा पुढच्या बैठकीवर लगाम धरून बसलेला गाडीवान आपल्या गणतीत येत नाही. तो त्या स्फोटात जबर जखमी झाला आणि थोड्याच दिवसांत मेला. ज्यांनी मुले पाहिली त्यांनाही गाडीवान दिसला नाही, त्याअर्थी पुढे जे घडले त्याचे बीज त्या निर्मळ म्हणविल्या जाणाऱ्या काळातच पडले होते, असे मला वाटते.

आपल्या मुलखाचा या इतिहासाशी संबंध आहे, आणि तोही गाड्यांचाच. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याला गाठले. दुसऱ्या गाडीतला आयर्स्ट मात्र, ज्याच्याविषयी प्लेगच्या जुलमाची अशी फिर्याद नव्हती, जागीच ठार झाला. पुढे सेनापती बापट आणि बंगालचे हेमचंद्र यांनी पॅरिसमध्ये एका रशियनाकडून बॉम्बची विद्या मिळवली, आणि तिची पुस्तिका हिंदुस्थानात आली. कलकत्त्याजवळ मानिकतळ्याच्या बागेची झडती झाली, तेव्हा तिची प्रत पोलिसांच्या हाती लागली. त्यापूर्वीच, ३० एप्रिल १९०८ रोजी, मुझफ्फरपूरला न्यायाधीश किंग्जफर्डची समजून जी गाडी उडवली गेली, तिच्यात बॅरिस्टर केनेडी यांची पत्नी आणि कन्या होत्या. त्या उन्हाळ्यात ‘केसरी’ने ‘देशाचे दुर्दैव’पासून ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’पर्यंत जे अग्रलेख लिहिले, त्यांत बॉम्ब हा कारखान्यातला जिन्नस नसून एखाद्या मंत्रतोडग्यासारखी विद्या आहे, सरकारला ती जप्त करता येणार नाही, असे टिळकांनी बजावले, त्याबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या खटल्यात स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे टिपलेले एक साधे कार्डही पुराव्यात आले. त्या काळची मराठी अशा चळवळीला ‘अत्याचारी’ म्हणे आणि गांधींच्या मार्गाला ‘अनत्याचारी’. आपण आज पहिल्यांना क्रांतिकारक म्हणतो, आणि मीही म्हणतो. पण म्हणून त्या दोन बायका गाडीतून उतरत नाहीत.

आणखी एक वाट याच सुमारास फुटली होती. १८९४ साली पॅरिसच्या एका स्टेशनालगतच्या कॅफेत, संगीत ऐकत बसलेल्या गिऱ्हाइकांत, एमिल आंरी या अराज्यवाद्याने बॉम्ब टाकला, आणि कोर्टात निर्विकारपणे सांगितले की या वर्गात निरपराध असा कोणी नाही. साराजेव्होच्या प्रिन्सिपला १९१४ मध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या पत्नीच्या मृत्यूबद्दल खेद तरी झाला होता. एमिलला तसा प्रश्नच पडला नाही. १६ सप्टेंबर १९२० ला दुपारी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एक घोडागाडी उभी राहिली, आणि फुटली. तीसहून अधिक मेले, बहुतेक तरुण कारकून, टंकलेखिका, निरोपे. समोरच्या पेढीचे मालक मॉर्गन त्या दिवशी तेथे नव्हतेच. गाडीत कोण आहे हे पाहण्याचे कारण आता उरले नाही, कारण गाडी हाच बॉम्ब झाला होता.

पुढची उजळणी भरभर केली तरी चालेल. जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात १९४६ साली दुधाच्या किटल्यांतून दारू गेली आणि ब्रिटिश, अरब, ज्यू मिळून ९१ माणसे मेली. १९५६ मध्ये अल्जीयर्सचा मिल्क बार, १९७२ मध्ये म्युनिक, जेथे साऱ्या जगाच्या दूरदर्शन संचांसमोर ओलिसांचा खेळ झाला. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमान, ३२९ बळी. हेतू निरनिराळे, कोठे राष्ट्र, कोठे पंथ, कोठे शेजारच्या राज्याची गुप्त मसलत. हिशेबाची रीत मात्र एकच, की मरणारा कोण हे गौण, पाहणारे किती हे मुख्य.

मग १२ मार्च १९९३. त्याआधीच रायगड किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरले होते. कस्टमच्या काही अधिकाऱ्यांनी चिरीमिरी घेऊन डोळे झाकले, असे पुढे खास न्यायालयाने ठरवले. शुक्रवारी दुपारी शेअर बाजारापासून सुरुवात होऊन मुंबईत १२ स्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. मुख्य हत्यारे कोणती, तर रस्त्यात सोडलेल्या मोटारी आणि स्कूटरी. नायगावला एक स्कूटर न फुटता राहिली होती, आणि ती कित्येक तास इतर वाहनांसारखीच निमूट उभी होती. आपल्या मराठीत बग्गीही गाडी, मोटारही गाडी, आणि आगगाडी तर गाडीच; २००६ च्या जुलैत लोकलच्या पहिल्या वर्गाचे डबे फुटले, आणि २००८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे मारले गेले, ते बहुतेक बोचकी उशाशी घेऊन गाडीची वाट पाहत होते.

गेल्या पावसाळ्यात कर्जत लोकलमध्ये माझ्या डोक्यावरच्या फळीवर एक कापडी पिशवी होती. बेवारस वस्तूंची ती नेहमीची सूचना होऊन गेली, आणि कोणीतरी विचारले, “ही कुणाची?” उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा प्रश्न झाला तेव्हा आवाज चढलेला होता, आणि खालची दोन माणसे उठून उभी राहिली. तेव्हा दाराजवळच्या गर्दीतून एक म्हातारबाबा वाट काढीत आले, “माझीच हो, ऐकू कमी येतं,” म्हणाले, आणि कोणी मागितले नसताना पिशवीचे बंद सोडून आतला एकेक जिन्नस दाखवू लागले: धोतर, औषधाची बाटली, अळूची पाने. “असू द्या, आजोबा,” असे दोघे-तिघे ओशाळून म्हणाले. बदलापूर येईपर्यंत ते ती पिशवी छातीशी धरून उभे होते.