आवली कुठं आहे ते आधी सांगा

दिवाळी अंकासाठी मराठी चित्रपटांचा आढावा म्हटला की वर्षभरातल्या चित्रपटांची जंत्री मागितली जाते. ती यंदाही कुणीतरी देईलच. मला लिहायचं आहे ते एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा निघालेल्या चित्रपटांबद्दल आणि ते पाहून गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये झडलेल्या वादांबद्दल. ‘जुनं ते सोनं’ म्हणणारा एक पक्ष आणि ‘जुन्यात तंत्र कुठं होतं?’ म्हणणारा दुसरा. या दोघांशीही माझं उभं आयुष्य पटलेलं नाही.

आपल्या सिनेमाचा जन्मच मुळी एका गोष्टीच्या पुनरावृत्तीत झाला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनला लागला. चार वर्षांनी, १९१७ मध्ये, फाळक्यांनी स्वतःच ती गोष्ट पुन्हा चित्रित केली. आज जी रिळं शिल्लक आहेत ती पहिल्या चित्रपटाची की दुसऱ्या, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. मग १९३२ मध्ये प्रभातनं मराठीतला पहिला बोलपट काढला, तोही हरिश्चंद्राचाच, ‘अयोध्येचा राजा’. वीस वर्षांत एकच राजा तीनदा स्मशानात उभा राहिला. लोक राजाची तुलना करत बसले; फरक पडला होता तो राणीत. १९१३ मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. १९३२ मध्ये तिथं दुर्गा खोटे आल्या. ठसठशीत आवाजाची, शिकलेल्या घरातली बाई तारामती म्हणून बोलू लागली आणि हरिश्चंद्राच्या सत्यवचनाची किंमत कोण मोजतंय, हे पहिल्यांदा ऐकू आलं.

माझा निकष तिथंच नेमका लागू पडतो. एखाद्या गोष्टीवर नवा चित्रपट आला की मी आधी त्या घरातल्या बाईकडे बघतो. तिला काम काय दिलंय, तिच्या तोंडी काय आहे, ती कुठं उभी आहे. नायकाचं तेज, लढाया, गाणी हे सगळं मागाहून.

ही दृष्टी मला कुठल्या पुस्तकानं दिली नाही, लालबागच्या बायांनी दिली. गणपतीत गल्लीच्या मधोमध पडदा ताणून सोळा एमएमचा चित्रपट दाखवायचे. प्रोजेक्टर वर्गणीतून भाड्यानं यायचा आणि रीळ बदलताना सगळी गल्ली काळोखात गप्पा मारायची. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं. पुढच्याला जो हात उजवा, तो मागच्याला डावा. बायका बहुतेक मागच्याच बाजूला असत, कारण खानावळीतली शेवटची पंगत उठवून यायला त्यांना उशीर व्हायचा आणि पुढची जागा तोवर भरलेली असायची. तिथं मी ‘संत तुकाराम’ पाहिला. देवळात पोराला ओढत नेऊन, हातात वहाण घेऊन पांडुरंगाला जाब विचारणारी तुकोबांची बायको जिजाई, म्हणजे लोकांची आवली, पडद्यावर आली आणि मागच्या बाजूनं एक बाई मोठ्यांदा म्हणाली, “विचार गं बाई, विचार!” पुढच्या बाजूचे पुरुष हसले. मागं कुणी हसलं नाही. गिरण्यांतल्या माणसांना दोन वेळचं जेवण घालून महिनाअखेर पैशासाठी त्यांच्याच मागं फिरणाऱ्या बाया त्या. रिकाम्या डब्याचा राग त्यांना समजावून सांगावा लागत नव्हता.

या चित्रपटावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. गिरगावात सेंट्रलला तो ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. त्यांच्या निवडीवर आधी नाकं मुरडली गेली होती. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग इतका अस्सल उतरला की पुष्कळांनी तो गाथेतलाच धरला. हे सगळं खरं. तरी लेखामागून लेख ‘भक्तिपट’, ‘चमत्कारपट’ एवढंच म्हणून पुढं जातात, तेव्हा मला राग येतो. वैकुंठाचं विमान लिहिणाऱ्यांना दिसतं, चूल दिसत नाही. शिवाजीराजांकडून नजराणा येतो तेव्हा आवली पोरांना ते कपडे, दागिने घालून नटवते. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद गौरी या नटीनं असा दाखवलाय की तुकोबा सगळं परत करायला निघतात तेव्हा संताच्या विरक्तीनं आपण भारावत नाही, त्या पोरांच्या अंगावरचे कपडे उतरणार म्हणून पोटात कालवतं. चित्रपट तुकोबांचा मोठेपणा कुठंही कमी करत नाही आणि आवलीला खोटीही पाडत नाही. दोघंही खरी. ज्यांना आवली म्हणजे संताच्या मार्गातली कजाग बायको वाटते, त्यांनी चित्रपट पडद्याच्या चुकीच्या बाजूनं पाहिला. आणि शेवटी? तुकोबा वैकुंठाला जातात, आवली मागं राहते. पोरं आहेत ना.

म्हणून २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ आला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात गेलो. जितेंद्र जोशीचा तुकाराम घडत जाताना दिसतो, दुष्काळ दिसतो, सावकारी दिसते. हे जुन्यात इतकं नव्हतं आणि ते पाहून मला बरं वाटलं. राधिका आपटेची आवली समजूतदार आहे, कामही चोख आहे. पण तिला नवऱ्याचं मोठेपण लवकर कळतं. तिचा राग चित्रपटाला परवडत नाही. ‘नव्यात माणूस दिसतो, जुन्यात देव’ असं दादरच्या एका चर्चेत एका नामवंतांनी सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. माझं उलट मत तेव्हाही होतं, आजही आहे. देवाला वहाण दाखवण्याइतकी माणसं जुन्यातच होती.

‘श्यामची आई’चंही तसंच. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तेही ती पदकं सुरू झाली त्या पहिल्याच वर्षी. लोक अजून ‘रडवणारा चित्रपट’ म्हणून सांगतात. मला मात्र त्यात वनमालाबाईंची करडी नजर आठवते. ही आई लाडावणारी नाही. गरिबी दारात उभी असताना मुलाला वळण लावायची तिला घाई आहे. सुजय डहाकेनं २०२३ मध्ये तीच गोष्ट पुन्हा घेतली, तीही कृष्णधवल. या धाडसाचं मी मनापासून कौतुक करतो. ओम भूतकरचे साने गुरुजी भिडतात. पण गुरुजी मध्यभागी आले की आई आठवण होऊन बसते आणि आठवणीतली आई कुणाला शिंपटीनं झोडपत नाही.

ऐतिहासिकांवर मी थोडक्यात आटपतो. तानाजीच्या गोष्टीवर बाबूराव पेंटरांचा मूक ‘सिंहगड’ १९२३ चा, प्रभातचा बोलका १९३३ चा, मग २०२० चा हिंदी ‘तान्हाजी’, २०२३ चा ‘सुभेदार’. भालजी पेंढारकरांचा ‘पावनखिंड’ १९५६ चा, दिग्पाल लांजेकरांचा २०२२ चा. लढाया मोठ्या होत गेल्या, बायकांच्या हाती आरतीचं तबक तेवढं राहिलं. विनोदी लाटेबद्दल तर सगळं लिहून झालंय. ‘अशी ही बनवाबनवी’ ‘बीवी और मकान’वरून आला हेही आता सगळ्यांना पाठ आहे.

‘माहेरची साडी’बद्दल मात्र एक सांगायला हवं. ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून तो १९९१ मध्ये आला आणि दादरच्या समीक्षकांनी त्याला झोडपलं. चित्रपट म्हणून तो कच्चा आहे, मान्य. पण गिरण्यांच्या संपानंतर गिरणगावात घरोघरी बाईच्या कमाईवर चूल पेटत होती, तेव्हा तिचं रडणं एवढा एकच चित्रपट ऐकत होता. आणि ‘सैराट’ची हिंदीत ‘धडक’ झाली तेव्हा काय हरवलं ते जातीच्या अंगानं अनेकांनी लिहिलं, बरोबरच लिहिलं. मी एवढंच जोडतो: ट्रॅक्टर हाकत येणारी, परक्या शहरात कारखान्यात राबून उभी राहणारी आर्ची गेली, आणि तिच्याबरोबर गोष्टीचा कणाही गेला.

नवं-जुनं ताडून बघायला जुनं समोर असावं लागतं. पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ त्यांच्याच १९३६ च्या बोलपटापेक्षा सरस होता, असं छातीठोकपणे लिहिणारे मला भेटतात. मूकपट हरवला आहे. यांनी तो कुठं पाहिला? वाचलेलं मत आपलं म्हणून पुढं ढकलायचं, याला रसिकता म्हणत नाहीत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांना आग लागली आणि प्रभातचाही ठेवा जळाला, तेव्हा आपल्याकडे चार दिवस हळहळ झाली, संपलं.

पाहण्याच्या जागाही गेल्या. ‘आलम आरा’ आणि ‘अयोध्येचा राजा’ दाखवणारं मॅजेस्टिक १९७२ मध्ये पाडलं. दादरचं चित्रा २०१९ मध्ये बंद झालं. गिरणीच्या जमिनीवरचं भारतमाता वाचावं म्हणून कलावंतांना रस्त्यावर उतरावं लागलं. खेळ सुटल्यावर प्लाझाच्या पायरीवर, भारतमातेच्या फाटकाशी माणसं रेंगाळायची, अनोळखी माणूस तावातावानं म्हणायचा, “पागनीसांची सर नाही हो!” आणि त्याच्याशी वाद घालत तुम्ही पोयबावडीपर्यंत चालत जायचात. आता मल्टिप्लेक्सचं दार थेट सरकत्या जिन्यावर उघडतं. मराठी चित्रपटाला दुपारचा आडवेळेचा खेळ मिळतो, दुसऱ्या आठवड्यात तोही जातो. प्रभात चित्र मंडळानं १९६८ पासून जगभरचे चित्रपट दाखवून आमच्यासारख्यांचे डोळे तयार केले. तशा जागा गल्लीगल्लीत हव्या होत्या.

२०२५ मध्ये सुबोध भावे तुकोबा झालेला हिंदी ‘संत तुकाराम’ आला. उद्या आणखी कुणी तुकोबा आणेल, आणावेतच. माझी निर्मात्यांकडे एकच मागणी आहे. १९३६ च्या चित्रपटावरचा साठ वर्षांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. तुमचा चित्रपट लागेल त्या आठवड्यात, त्याच पडद्यावर, सकाळच्या खेळाला तो दाखवा. तिकीट स्वस्त ठेवा, लालबाग-परळच्या महिला मंडळांना आवर्जून बोलवा. दुपारी तुमचा चित्रपट बघून त्या बाहेर आल्या की तिथंच उभे राहा आणि त्यांना बोलू द्या.