डालड्याच्या डब्याचे डंबेल

पोलीस भरतीत मुलांना ७.२६ किलोचा, मुलींना ४ किलोचा गोळा फेकावा लागतो. आमच्या नंदुरबारकडे पाड्यांवरून येणाऱ्या पोरांना जिमची फी कुठली परवडायला? पण वजने घरी होतात. लिटरभर डब्यात काँक्रीट भरले की साधारण २.४ किलो. असे दोन डबे, मध्ये लोखंडी पाइप. पाइपाच्या टोकांना आरपार भोके पाडून आडवे खिळे घालाच! तरुणपणी मी हेच विसरलो. डबा निसटून अंगठ्यावर पडला, महिनाभर लंगडलो. पहिला डबा घट्ट झाल्यावरच दुसरा भरा. सात दिवस गोणपाट ओले ठेवा.

एवढेही नको, तर तेलाच्या पाच लिटर कॅनमध्ये पाणी भरा: पाच किलो, मूठ आयतीच. पुढे कोरडी वाळू, आठेक किलो. गोळा मात्र खराच हवा. चौघांनी मिळून एक घ्यावा.