मदरबोर्डवरील कपॅसिटर : निवड, खरेदी आणि दुरुस्ती

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बागायतदारास ‘कपॅसिटर’ हा शब्द नवा नाही. नीरा डाव्या कालव्यावर असो वा उजनीच्या फुगवट्याच्या काठी, विहिरीवरील पंपाची मोटार केवळ गुंजारव करते आणि फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर गेला असावा हे तेथील कोणताही वायरमन सांगेल. परंतु त्याच गावच्या शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील संगणक एके दिवशी आपोआप बंद-चालू होऊ लागला, तर मात्र ‘मदरबोर्ड गेला’ एवढे ऐकून तो कपाटाशेजारी ठेवून दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा त्या मदरबोर्डवरील पाचसहा लहान कपॅसिटर तेवढे निकामी झालेले असतात. ते ओळखावेत कसे, त्यांच्या जागी कोणते घ्यावेत आणि कोठून आणावेत, याची माहिती शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना असणे उपयुक्त आहे. दुरुस्ती त्यांनी स्वतः करावी असे नव्हे. मात्र दुरुस्ती करणाऱ्यास योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढे ज्ञान असले म्हणजे पुरे.

कपॅसिटर, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील धारित्र, हे विजेचे लहानसे साठवण-तळे होय. मदरबोर्डवरील प्रोसेसरला सुमारे एक ते दीड व्होल्ट इतक्या अल्प दाबाने, पण कित्येक अँपिअर वीज लागते आणि ही मागणी क्षणाक्षणाला कमीजास्त होते. पाटाचे पाणी थेट वाफ्यात न घेता शेततळ्यात घेऊन तेथून सोडावे, त्याप्रमाणे हा चढउतार प्रोसेसरभोवती उभी असलेली दंडगोलाकार कपॅसिटरांची रांग पोटात घेते. त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी, तीवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आणि विद्युत-अपघटनी द्रवाने भिजविलेला कागद असतो. हा द्रव आटला किंवा त्यातून वायू निर्माण झाला, की कपॅसिटर निरुपयोगी होतो.

साधारणपणे 1999 ते 2007 या काळात जगभर असे कपॅसिटर फार मोठ्या संख्येने अकाली फुगले. त्यांतील पाणीयुक्त द्रवात ॲल्युमिनियमचे रक्षण करणारी द्रव्ये अपुरी होती. त्यामुळे धातूवर रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन वायू साचत असे आणि डोक्यावरील पत्रा फुगून फाटत असे. डेल या अमेरिकी कंपनीने या कारणास्तव 2005 साली दुरुस्ती व बदलीच्या खर्चापोटी सुमारे 30 कोटी डॉलर हिशेबात धरले, यावरून या दोषाची व्याप्ती लक्षात येईल. आपल्याकडे शाळांमधून संगणक पोहोचविण्याची केंद्र पुरस्कृत योजना 2004 च्या अखेरीस सुरू झाली. म्हणजे ग्रामीण भागात संगणक येऊ लागले ते नेमके याच काळात.

दोष केवळ मालाचा नव्हे, उष्णतेचाही असतो. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि धूळ तर बारमाही. कपॅसिटरवर ‘105 अंश’ असे छापलेले असते आणि त्या तापमानास त्याचे आयुष्य, समजा, 2000 तास धरलेले असते. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य जवळजवळ दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. पंख्यावर धूळ साचलेल्या पेटीत प्रोसेसरशेजारी 75 अंश तापमान झाले, तर हे आयुष्य 16,000 तास भरते. शाळेत वर्षाकाठी 200 दिवस, रोज सहा तास संगणक चालला तर 1,200 तास होतात. म्हणजे चांगला कपॅसिटर तेरा वर्षे टिकावयास हवा. तो तीन वर्षांत फुगला, तर माल हलका होता किंवा उष्णता फार होती, असाच निष्कर्ष निघतो. पंख्यावरील धूळ वर्षातून दोनदा झटकणे हा या रोगावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रोग ओळखण्यासाठी पेटी उघडून नुसते पाहावे. कपॅसिटरच्या सपाट डोक्यावर फुलीच्या अथवा इतर आकाराच्या खाचा असतात. ते डोके फुगीर झाले असेल, त्यावर तपकिरी डाग असेल किंवा बुडाशी द्रव झिरपला असेल, तर निदान झाले. तथापि संगणक बंद पडण्याची कारणे अनेक असतात. मेमरीची पट्टी सैल होणे, वीजपुरवठ्याची पेटी बिघडणे, मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपणे ही कारणे आधी तपासावीत. वीजपुरवठ्याची पेटी मात्र अननुभवी माणसाने उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

निवड करताना

येथे बहुतेकांची चूक होते. जुन्या कपॅसिटरवर ‘1500 मायक्रोफॅरड, 6.3 व्होल्ट’ असे वाचून जवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून तेवढ्याच आकड्याचा कपॅसिटर आणला जातो. संगणक चालू होतो, सर्वांना समाधान वाटते आणि काही महिन्यांत तो पुन्हा बंद पडतो. कारण त्या दोन आकड्यांखेरीज एक तिसरा गुण असतो आणि तो बहुधा अंगावर छापलेला नसतो. तो म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध. कारागीर त्यास ‘ईएसआर’ म्हणतात. साध्या कपॅसिटरमध्ये हा रोध ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, तर मदरबोर्डसाठी बनविलेल्यात तो शंभराव्या भागाच्या घरात असतो. दोन अँपिअरची चंचल वीज त्यातून वाहू लागली, तर पहिल्यात 0.4 वॉट आणि दुसऱ्यात 0.04 वॉट उष्णता निर्माण होते. बोटाच्या पेराएवढ्या डबीत दसपट उष्णता! साधा कपॅसिटर तेथे शिजूनच जातो म्हटले तरी चालेल. पंपाच्या मोटारीच्या कपॅसिटरचा तर येथे काही संबंध नाही. तो प्रत्यावर्ती विजेसाठी असतो आणि त्याची रचनाच निराळी असते.

म्हणून ‘कमी ईएसआर, 105 अंश’ असा माल नाव घेऊन मागावा. पॅनासॉनिकच्या एफएम व एफआर या मालिका कमी रोधाच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. रुबिकॉन आणि निचिकॉन या जपानी कंपन्यांचाही असा माल मिळतो. मालिकेचे माहितीपत्रक पाहून रोधाचा आकडा जुन्याशी ताडून घ्यावा. व्होल्ट जुन्याइतके किंवा थोडे अधिक चालतात, कमी कदापि चालत नाहीत. 12 व्होल्ट येतात त्या बाजूस 16 व्होल्टचा कपॅसिटर लागतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. मायक्रोफॅरड शक्यतो तितकेच घ्यावेत. व्यास आणि पायांमधील अंतरही मोजावे लागते. 8 मिलिमीटर व्यासाच्या डबीचे पाय साधारणतः साडेतीन मिलिमीटर अंतरावर, तर 10 मिलिमीटरच्या डबीचे पाच मिलिमीटर अंतरावर असतात. जाड डबी घेतली तर ती प्रोसेसरच्या थंडाव्याच्या साच्याला अडते, हा अनुभव आल्यावाचून राहत नाही.

अलीकडच्या मदरबोर्डवर द्रवाऐवजी घन पॉलिमर असलेले कपॅसिटर असतात. ते फुगण्याचे प्रमाण फार कमी आहे. जुन्या बोर्डावर तेच बसविण्याचा मोह होतो. परंतु काही जुनी नियामक मंडले अतिशय कमी रोधावर अस्थिर होतात, म्हणून जाणत्या माणसाच्या सल्ल्याशिवाय तसे करू नये.

माल कोठून आणावा

तालुक्याच्या गावी हा माल सहसा मिळत नाही. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या सुट्या भागांच्या जुन्या पेठा होत. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही दूर. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी एसटीचे भाडे खर्चणे परवडत नाही. यास्तव एका केंद्रातील चारपाच शाळांनी आपली गरज एकत्र नोंदवून मागणी करणे सोयीचे पडते. माउझर, डिजी-की, एलिमेंट14 यांसारखे अधिकृत वितरक घरपोच माल पाठवितात. त्यांचे दर थोडे चढे असले तरी माल खरा असतो. परदेशातून येणाऱ्या मालावर जकात आणि पाठवणीचा खर्च पडतो, हे अंदाजपत्रकात धरावे.

पेठेत नकली माल पुष्कळ आहे. जुन्या डबीवर नवे वेष्टन चढवून प्रसिद्ध नाव छापलेले असते. छपाई पुसट असणे, पाय आधी कापलेले किंवा डाख लागलेले असणे, भाव अवाजवी स्वस्त असणे या त्याच्या खुणा होत. पावती देण्यास दुकानदार कां-कूं करीत असेल, तर तेथून उठावे. दुसऱ्या मृत मदरबोर्डवरून काढलेला कपॅसिटर बसविण्याची प्रथाही सर्रास आढळते; तिच्यात पैसे वाचत नाहीत, केवळ पुढील बिघाडाची तारीख पुढे ढकलली जाते. आपल्या देशात हे भाग होतच नाहीत असे मात्र नव्हे. केरळातील कण्णूर येथे केल्ट्रॉनचा कपॅसिटरचा कारखाना 1974 पासूनचा आहे आणि आपल्या राज्यात नाशिकला अल्कॉन ही कंपनी मोठ्या आकाराचे कपॅसिटर बनविते. परंतु मदरबोर्डच्या बारीक, अल्परोधी मालासाठी अजून बहुधा जपानी कंपन्यांकडेच पाहावे लागते.

बसविताना दिशेची चूक प्राणघातक ठरते, कपॅसिटर फुटतो. डबीवरील पट्टा ऋण पाय दाखवितो. बोर्डावरील रंगविलेली अर्धी बाजू बहुधा ऋण असते, तथापि काही बोर्डांवर ही खूण उलटी आढळते. म्हणून जुना भाग काढण्यापूर्वी बोर्डाचे छायाचित्र घ्यावे. बोर्डाच्या आतील तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात. त्यामुळे 25 वॉटच्या सोल्डरने काम होत नाही आणि जोर केल्यास छिद्रातील तांब्याचे अस्तर पायाबरोबर निघून येते. साठ वॉटचे सोल्डर, थोडा ताजा डाख आणि धीर या तीन गोष्टी हव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचे प्रशिक्षण घेतलेल्या तरुणास हे काम चांगले साधते.

वीस वर्षांपूर्वीचा प्रत्येक संगणक जगवावा, असे मात्र सुचवावयाचे नाही. आजची कामे त्यावर होत नाहीत. टंकलेखनाच्या सरावापुरता तो उपयोगी आहे. त्याऐवजी पडद्याचे मॉनिटर आणि अलीकडच्या संगणकांच्या वीजपुरवठा पेट्या यांवर लक्ष द्यावे, कारण त्यांतही हेच कपॅसिटर असतात आणि तेथे दुरुस्तीचे मोल अधिक मिळते. जडसंग्रह नोंदवहीतून संगणक निर्लेखित करण्याचा प्रस्ताव पाठविण्यापूर्वी पेटी उघडून कपॅसिटर पाहिल्याची नोंद जोडावी. जे खरोखर दुरुस्तीपलीकडे गेले असेल, ते भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे सोपवावे. 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 मध्ये त्याची व्यवस्था आहे. जुन्या बोर्डांच्या डाखात शिसे असते आणि ते बोर्ड उघड्यावर जाळले तर त्याचा धूर शाळेच्याच आवारात राहतो.