भीतीची पटकथा – भाग ९ : फडाच्या कडेचे सात दगड

गेल्या दोन भागांत आपण केल्टिक पुराणकथांमधली मंडळी ओळखून घेतली. घरात मरण येणार असलं की आधीच आक्रोश करणारी बान्शी, माणसाला पाठीवर घेऊन पाण्याच्या तळाशी नेणारा केल्पी घोडा, स्वतःचं मुंडकं हातात घेऊन दौडणारा डलहान. आता मुद्द्याचा प्रश्न. शिरूर किंवा दौंडला बसून पटकथा लिहिणाऱ्याने यातलं काय घ्यायचं? बान्शीला उचलून भीमेच्या काठी रडायला बसवलं, तर प्रेक्षकाला ती पाहुणीच वाटणार. माझं म्हणणं असं, की पात्रं तिकडेच राहू द्यावीत. उचलायचा तो त्या कथांमधला व्यवहार: गाव त्या शक्तीचं काय देणं लागतं, बदल्यात गावाला काय मिळतं आणि देणं चुकलं की वसुली कुणाकडून होते.

आयर्लंडच्या शेतांत मातीच्या गोल बांधांनी वेढलेल्या जुन्या जागा हजारोंनी आहेत. पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात, की या मध्ययुगाच्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या राहत्या जागा. गावकऱ्यांच्या समजुतीत मात्र तिथे 'ते लोक' राहतात. त्यांचं नाव उघड घ्यायचं नाही, बांध नांगरायचा नाही, तिथलं झाड तोडायचं नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड असंच एक काटेरी झाड येत होतं. एडी लेनिहन या लोककथाकाराने ते तोडण्याविरुद्ध आवाज उठवला आणि अखेर झाड राखून रस्ता झाला. आपल्या शिवारातही म्हसोबाच्या दगडाला वळसा घालून गेलेले बांध असतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला चटकन कळते.

आता हाच व्यवहार पटकथेत कसा उतरतो ते पाहा. कॉरिन हार्डी यांच्या 'द हॅलो' (२०१५) या चित्रपटात जंगलातली झाडं तपासायला बाहेरून एक अभ्यासक येतो, सोबत बायको आणि तान्हं मूल. शेजारी बजावतात, तो ऐकत नाही. पुढे जंगल मुलावर हक्क सांगतं. बाहेरचा माणूस, मोडलेला नेम, आणि वसुली घरातल्या सगळ्यात नाजूक जिवाची. आयरिश भयपटांत मूल किंवा आई बदलली जाण्याची कल्पना वारंवार येते, ती याच मुळातून. 'ते लोक' आपलं माणूस नेतात आणि त्याच चेहऱ्याचं दुसरंच काहीतरी घरात ठेवतात, ही ती समजूत.

या समजुतीने खरोखर जीव घेतला आहे. टिपररी परगण्यातली ब्रिजेट क्लिअरी ही कपडे शिवून कमावणारी तरुण बाई. १८९५ च्या मार्चमध्ये ती आजारी पडली. ही माझी बायको नव्हे, बदललेली आहे, असं नवऱ्याने ठरवलं. नातेवाइकांच्या देखत तिला जडीबुटी पाजली, विस्तवापाशी धरलं आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळलं. त्यानंतर खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल म्हणून तो जवळच्या अशाच एका गोल बांधाच्या जागेपाशी रात्री वाट बघत थांबला. सदोष मनुष्यवधासाठी त्याला शिक्षा झाली. भयकथा लिहू पाहणाऱ्याने ही घटना नीट वाचावी. यात भूत कुठेच नाही. आपल्याच घरातली माणसं आपल्याकडे पाहून 'ही ती नव्हे' म्हणू लागतात, यापुढे कुठला मुखवटा टिकणार?

१९७३ चा 'द विकर मॅन' याच वाटेने जातो. अँथनी शॅफर यांच्या या पटकथेत अलौकिक असं काही घडतच नाही. स्कॉटिश बेटावरच्या बागांना फळ धरलेलं नाही, एवढंच घडलंय. वेतकाठीच्या भल्यामोठ्या पुतळ्यात माणसं कोंडून जाळण्याची गोष्ट ज्युलियस सीझरने गॉलमधल्या केल्टांबद्दल लिहून ठेवली होती, तिथून शेवटचं दृश्य आलं. पण चित्रपट उभा राहतो तो पिकाच्या काळजीवर. पीक बुडालं तर माणूस काय काय करील, हे दौंडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

मराठी माणसांनी हे केलेलं आहे, म्हणून घरचीच दोन उदाहरणं घेऊ. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला, नारायण धारपांच्या कथांचं ऋण घेऊन. त्यातला हस्तर कुठल्याही पुराणात नाही, तो लेखकांनी घडवलेला. तरी तो जुना वाटतो, कारण त्याचे नियम मोजके आणि काटेकोर आहेत. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून तो कायम भुकेला. कणकेच्या बाहुलीने त्याला गुंतवता येतं, पिठाचं रिंगण तो ओलांडू शकत नाही आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातली मुद्रा लांबवायची. प्रेक्षकाला एवढं कळलं की पुढचं काम नायक विनायकची हाव करते. बाहुल्या एकाच्या जागी अनेक नेल्या तर काय होईल, हा प्रश्न पडद्यावरच्या बापलेकांच्या मनात येतो तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात आधीच गोळा आलेला असतो. नियम पक्का असेल तर भीती आपोआप पुढे धावते.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचं. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७). गरोदर नेहा नवऱ्यासोबत शहर सोडून उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात येते. पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी तो चित्रपट पेलला. पुढे फुरियांनीच त्यावरून हिंदीत 'छोरी' (२०२१) केला. या गोष्टीत उसाला पडद्याचं काम आहे आणि पडद्याआड आहेत नकोशा म्हणून मारलेल्या मुली. इथेही देणं माणसांचं, पाप माणसांचं. मला 'लपाछपी' मोलाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की आडजागेसाठी त्याने पडका वाडा शोधला नाही, चालू शेती निवडली.

आणि चालू शेतीतला ऊस आपल्या दोन तालुक्यांत किती आहे! भीमा या दोघांच्या मधून वाहते, उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने, केडगाव-खुटबावच्या बाजूला गुऱ्हाळं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लागतो आणि दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा राहतो. पटकथेच्या नजरेने याचा अर्थ फार मोठा आहे. लावणीच्या वेळी रस्त्यावरून दिसणारी वस्ती काही महिन्यांत दिसेनाशी होते. हाक पोचते, माणूस दिसत नाही. आणि तोड झाली की एका दिवसात सगळं उघडं पडतं. तुमच्या गोष्टीतली जागाच वाढते, लपवते आणि मग एकदम उघडी पडते. पहिला अंक उभ्या उसात, शेवटचा तुटलेल्या फडात, असा आराखडा इथल्या जमिनीनेच हातात दिला आहे.

केल्टिक पंचांगातला साविन हा सण ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होतो. सुगी संपते, वर्षाचा अंधारा अर्धा लागतो आणि त्या रात्री दोन जगांमधली दारं उघडी राहतात असा समज. आपल्याकडे साधारण त्याच सुमाराला, दिवाळीच्या मागेपुढे, बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. अनोळखी शिवारात, पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात शिरणारी बाई ही मला शहरातून आलेल्या नायिकेपेक्षा कितीतरी सशक्त वाटते. ती या गावाला परकी आहे, पण शेतीला, पाण्याला, देवाला परकी नाही. गावाने विसरलेली गोष्ट तिला दिसताक्षणी कळेल.

ती गोष्ट कोणती? माझ्या मते साती आसरा. नदीच्या डोहापाशी, विहिरीच्या थारोळ्याजवळ शेंदूर किंवा हळदकुंकू लावलेले सात दगड असतात. कुठे त्यांना मावलाया म्हणतात. खण, हिरव्या बांगड्या, दहीभात एवढा त्यांचा मान. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला डोहाकडे एकटं जाऊ नये, हा नेम. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुणे परिसरातल्या अशा देवींच्या जागा पायी फिरून पाहिल्या. त्यांचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) पटकथाकाराने हाताशी ठेवण्यासारखं आहे. आसरा दुष्ट नाहीत, हे लक्षात ठेवा. त्या पाणी राखतात. आई जशी राखते तशा, आणि रागावतातही.

पाण्याचं भय दाखवायला शिरूर तालुक्यातच एक जागा आहे. शिरूरचं टाकळी हाजी आणि पलीकडे पारनेरचं निघोज, मधून कुकडी. नदीच्या पात्रातल्या काळ्या बेसाल्टमध्ये रांजणखळगे पडले आहेत. वाहत्या पाण्यात अडकलेले गोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी हजारो वर्षं खडक आतून कोरला. काठी मळगंगेचं देऊळ. इथे कॅमेऱ्याने काहीही घडवायची गरज नाही. खळग्यात नुसतं वाकून पाहणारं मूल आणि मागे पाण्याचा घोगरा आवाज, एवढं पुरे. चित्रीकरण मात्र पाणी उतरल्यावर, परवानगी घेऊन आणि काठापासून अंतर राखूनच करा. घसरलेल्या पायाला तो खडक आधार देत नाही.

आता नमुन्यादाखल एक आराखडा मांडतो. एका बागायतदाराने रस्त्यालगतची जुनी विहीर बुजवून जागा विकली. थारोळ्यावरचे दगड रातोरात टेम्पोत घालून बांधावर नेऊन ठेवले. अंधारात सहाच हाताला लागले, सातवा भरावाखाली गेला. हे एकट्या चालकाला ठाऊक. दीड वर्षाने त्या भरावाशेजारी तोडणीची टोळी कोप्या घालते. टोळीतली एक लहान मुलगी रोज संध्याकाळी आईला सांगते, भरावापाशी एक बाई बसलीय, बहिणींची वाट बघतीय. आई बांधावरचे दगड मोजते. बस, पहिली दहा पानं झाली. पानामागे साधारण एक मिनिट धरलं तर दहाव्या मिनिटाला प्रेक्षकाला देणं कळलं, देणेकरी कळला आणि वसुली चुकीच्या घरी येणार हेही कळलं. मूल भोगणार ते मजुराचं, चूक बागायतदाराची. इथून पुढची प्रत्येक पायरी या अन्यायातून निघायला हवी.

रात्रीची दृश्यं लिहिताना पंपाच्या विजेचं वेळापत्रक विसरू नका. रात्रपाळीची वीज आली की शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. पाटाचा आवाज, पायाखालचा चिखल, दोन्ही बाजूंना ऊस आणि बॅटरीच्या उजेडाबाहेर काहीच नाही. 'बाह्य – उसाचा फड – रात्र' एवढ्या ओळीत हे सगळं आहे, फक्त ते कानाने लिहा. पातीवर पाती घासल्याचा आवाज वाऱ्याने येतो, तसाच अंग घासून जाणाऱ्या जनावराचाही येतो.

हे जनावर म्हणजे बिबट्या, आणि इथे मी हात जोडून एक विनंती करतो. उसात बिबट्या पिल्लं घालतो, तिथेच वाढतो. शिरूर तालुक्यात त्याच्या हल्ल्यात लेकरं गेली आहेत. २०२५ च्या अखेरीस पिंपरखेडच्या परिसरात माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. ज्या आईने हे भोगलं ती तुमची प्रेक्षक असणार आहे. बिबट्याला झपाटलेला, सूड घेणारा करू नका. तो गोष्टीत आला तर जनावर म्हणूनच येऊ द्या. त्याची भीती खरी आहे, तिला पुराणाचा रंग चढवायचं कारण नाही.

तेवढीच काळजी चेटकीण ठरवलेल्या बाईबद्दल. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. एकट्या म्हाताऱ्या बाईला करणी करणारी दाखवून घाबरवणं सोपं आहे आणि त्याची किंमत अशाच एखाद्या खऱ्या बाईला मोजावी लागू शकते. ब्रिजेट क्लिअरीने ती मोजली. गोष्टीत देवऋषी आणायचा असेल तर त्याच्याकडे जाणाऱ्या घराचा कोंडमारा लिहा, आणि संशयाचं बोट जिच्याकडे वळतं तिच्या नजरेतून किमान एक प्रसंग लिहा. आपल्या नमुन्यात हे बोट आधी टोळीतल्या त्याच आईकडे वळेल. दगडांना हात लावलेली परकी बाई तीच ना!

पुढच्या भागात याच आराखड्यातला बागायतदार आणि टेम्पोचालक यांचा संवाद लिहायला घेऊ. तोवर तुम्ही आपल्या गावातली अशी एक जागा निवडा आणि तिच्याबद्दल एक पान लिहून काढा: तिथे कुणाचा मान आहे, तो कोण देतं, कधीपासून बंद पडला आणि कुणामुळे. भुताचं वर्णन त्या पानात नको.