लेखांक सहावा: काळी वाळू आणि रेअर अर्थची तेजी

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत ओहोटीनंतर किनाऱ्यावर जागोजागी काळे पट्टे दिसतात. चुंबक फिरवला तर त्यातले कण चिकटून वर येतात. चीनने रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं घातल्यापासून ‘रेअर अर्थ म्हणजे हीच का?’ असं विचारणारे वाचक वाढलेत. उत्तर आहे: नाही. ती काळी वाळू बहुतांशी सह्याद्रीच्या बेसॉल्टची झीज. त्यात मॅग्नेटाइट आणि थोडं इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. भारतातला रेअर अर्थचा मुख्य स्रोत मोनाझाइट. ते येतं ग्रॅनाइट, नाइस अशा जुन्या खडकांतून, आणि म्हणून सापडतं केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यांवर.

आता शेअर बाजार. मोनाझाइटमध्ये थोरियम असतं, त्यामुळे ते अणुऊर्जा खात्याच्या नियंत्रणाखाली येतं. २०१९पासून किनारी वाळूतल्या या खनिजांचं खाणकाम सरकारी कंपन्यांपुरतंच राखीव आहे. त्यातली प्रमुख आयआरईएल. १९५०मध्ये स्थापन झालेली, मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला; पण शेअर बाजारात तिची नोंदणीच नाही! मग ‘रेअर अर्थ शेअर’ म्हणून २०२५मध्ये लोकांनी घेतलं काय? सगळ्यात गाजलं नाव जीएमडीसीचं. गुजरात सरकारच्या या कंपनीकडे अंबाडुंगरचा रेअर अर्थ प्रकल्प आहे हे खरं. पण तिची मुख्य कमाई लिग्नाइट कोळशाची. भाव रेअर अर्थच्या बातम्यांवर उसळला, नफा मात्र कोळशातून येत राहिला. मला यात गुंतवणूक दिसत नाही, बातमीवर लावलेली पैज दिसते.

अशा पैजेचं काय होतं, याचा धडा कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीत मिळतो. ही खाण चालवणाऱ्या मॉलीकॉर्प कंपनीचा शेअर जुलै २०१०मध्ये १४ डॉलरला बाजारात आला. त्याच सप्टेंबरमध्ये चीन आणि जपानचं मासेमारी बोटीवरून भांडण झालं आणि चीनने जपानचा रेअर अर्थचा पुरवठा रोखला. पुढच्या वर्षी शेअर सत्तरच्या वर. पण महागाईने गिऱ्हाईकच शहाणं होतं: कारखान्यांनी वापर कमी केला, पर्याय शोधले, ऑस्ट्रेलियाची लायनस उत्पादनात उतरली. जागतिक व्यापार संघटनेत हरल्यावर २०१५च्या सुरुवातीला चीनने निर्यात कोटाही उठवला. त्याच जूनमध्ये मॉलीकॉर्पने दिवाळखोरी जाहीर केली. खाण जागेवरच होती, खनिजही होतं. गेला तो फक्त भाव.

तीच खाण आज एमपी मटेरियल्सकडे आहे. जुलै २०२५मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या कंपनीत भागीदारी घेतली आणि निओडायमियम-प्रॅसिओडायमियम या रेअर अर्थला किलोमागे ११० डॉलर हमीभाव दिला. शेअर एका दिवसात जवळजवळ दीडपट झाला. उसाला एफआरपी मागणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातलं तर्कशास्त्र समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या ‘रेअर अर्थ’ शेअरांमागे अशी हमी नाही.

४ एप्रिल २०२५ला चीनने सात मूलद्रव्यं आणि त्यांचे चुंबक परवान्याखाली आणले. त्याचा चटका महाराष्ट्राला बसला तो खाणीत नव्हे, कारखान्यात: विजेवर चालणाऱ्या चेतक स्कूटरचं ऑगस्टमधलं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असा इशारा बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी दिला. ऑक्टोबरमध्ये चीनने बंधनं आणखी वाढवली, आणि ट्रम्प-शी भेटीनंतर ही वाढीव बंधनं नोव्हेंबरमध्ये वर्षभरासाठी स्थगित केली. एप्रिलचे परवाने मात्र राहिले. अशा एकेका घोषणेसरशी भाव वर-खाली होतो. आणि ती घोषणा कधी होणार हे ना दलालाला ठाऊक, ना व्हॉट्सअॅपवर टीप देणाऱ्याला.

तरीही ज्यांना यात पडायचंच आहे, त्यांनी कंपनीच्या वार्षिक अहवालात विभागवार उत्पन्नाचा तक्ता उघडावा आणि रेअर अर्थच्या रकान्यात आज किती रुपये आहेत ते पाहावं. बहुतेक ठिकाणी असा रकानाच सापडणार नाही.

पुढच्या आठवड्यात: केंद्राने नोव्हेंबर २०२५मध्ये मंजूर केलेली ७,२८० कोटींची चुंबक योजना, आणि वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी कच्चा माल कुठून आणायचा हा प्रश्न.