तापीचे कुरव आणि पाऊण किलोची लेन्स

हिवाळ्यात सुरतेला तापीच्या काठावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. ते इतक्या झपाट्याने वळतात, की ट्रायपॉड उघडेपर्यंत थवा पलीकडे गेलेला असतो. इथे कॅमेरा हातातच हवा आणि लेन्स हलकी.

पण टेलिफोटो लेन्स जड का असते? काच सगळे रंग सारखे वाकवत नाही; निळा जास्त, तांबडा कमी. ही फाटाफूट सावरायला भिंगांमागून भिंगं लागतात. फ्रेनेलने एकोणिसाव्या शतकात दीपगृहांसाठी पायऱ्यापायऱ्यांचं पातळ भिंग केलं. त्याच वळणाचं, पण अतिसूक्ष्म वर्तुळाकार खाचांचं भिंग प्रकाशाचं विवर्तन करतं, आणि त्यात तांबडा जास्त वळतो. दोन उलट दोष एकमेकांना खोडतात! २०१५ साली निकॉनने आणलेली अशी ३०० मिमी लेन्स अवघी ७५५ ग्रॅमची. आधीची जवळपास दुप्पट होती. मात्र प्रखर प्रकाश समोर आला की त्याभोवती रंगीत कडी उमटू शकतात. नदीवरचा सूर्योदय टिपताना हे ध्यानात ठेवावं.

कंपनरोधक यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते, पंखांची नाही. उडत्या कुरवासाठी मी १/२००० सेकंदाच्या खाली उतरत नाही. कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा तळवा लेन्सखाली धरा. घरी फोटो मोठा करून डोळा पाहा: प्रौढ पक्ष्याचं बुबुळ फिकट असेल तर तो तपकिरी डोक्याचा कुरव, गडद असेल तर काळ्या डोक्याचा.